शाळेतील केर कोणी काढावा?

काही प्रश्न दिसावयास अगदी क्षुल्लक असतात. परंतु त्यांचे प्रामाणिक उत्तर देऊ लागले म्हणजे आपल्या सबंध आचरणाची झडती घेतली जाते. शाळेतील केर कोणी काढावा, हा असाच एक प्रश्न होय. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच झाले आहे आणि शास्त्रार्थ करण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि गेले काही महिने हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे, म्हणून तो वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

त्यास निमित्त झाला सौंसरकडील एका परिचित कुटुंबातील तरुण. वैद्यकीय शिक्षणासाठी तो चीन देशातील जिआंग्सू प्रांतात राहिला होता. सुट्टीत घरी आला तेव्हा जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन घेऊन आम्ही दोघे देवळाबाहेरच्या झाडाखाली बसलो. आम्हांस वाटले, तो तेथल्या उंच इमारतींच्या व वेगवान आगगाड्यांच्या गोष्टी सांगेल. त्याने सांगितली ती एका प्राथमिक शाळेची गोष्ट.

त्या शाळेने काही परदेशी विद्यार्थ्यांना एक दिवस पाहुणे म्हणून बोलाविले होते. मुलांनी निरनिराळ्या देशांची माणसे पाहावी, चार वाक्ये इंग्रजीत बोलावी, एवढाच हेतू. आमच्या या मित्रास तेथील भाषा जेमतेम बाजारहाटापुरती येत होती. त्यामुळे शब्दांपेक्षा त्याचे लक्ष हातांकडे अधिक गेले. गळ्यात लाल रुमाल बांधलेली मुले पटांगणात ओळीने उभी राहून ध्वनिक्षेपकाच्या तालावर व्यायाम करीत. पुढे वर्गात बसून, डोळे मिटून, बोटांच्या टोकांनी भुवयांच्या व नाकाच्या कडा चोळीत. डोळ्यांचा हा व्यायाम तेथील शाळांत गेल्या शतकातील साठीच्या दशकापासून चालत आला आहे. हे सर्व त्याने कौतुकाने पाहिले. मनात रुतून बसले ते मात्र निराळेच.

शेवटची घंटा झाली. मुले दप्तरे घेऊन निघाली, पण पाचसहा जण मागे थांबली. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांची नावे लिहिलेली होती. एकाने झाडू घेतला, एकाने ओले फडके. एकाने फळा पुसला, दोघांनी बाकडी सरकविली, आणि एक लहानशी मुलगी केराची टोपली उचलू लागली. टोपली तिच्या मानाने जड दिसली, म्हणून आमचा मित्र मदतीस पुढे झाला. तिने मान हलविली, टोपली आपल्याकडे ओढली आणि फळ्यावरील आपल्या नावाकडे बोट दाखविले. आज पाळी तिची होती, पाहुण्याची नव्हती.

तेथल्या शिक्षिकेने हसून त्यास विचारले, "तुमच्या शाळेत केर कोण काढतं?"

"मी म्हणालो, आमच्याकडे त्यासाठी माणूस आहे," आमचा मित्र सांगू लागला, "आणि त्या दिवसापासून या 'माणूस' शब्दानं माझी पाठ सोडली नाही. आमच्याकडे माणूस आहे! मग बाकीचे आम्ही कोण?"

त्या शब्दाने आमचीही पाठ सोडली नाही. आमच्या या भागात घरी मराठी आणि शाळेत हिंदी, अशी पुष्कळ मुलांची स्थिती असते. पहिलीत बसलो तेव्हा गुरुजींचे शब्द आम्हांस नीट कळत नसत. आम्हीदेखील त्या परदेशी विद्यार्थ्याप्रमाणे हात पाहूनच शाळा शिकलो. गुरुजींचा हात कपाटाकडे गेला की पुस्तके आणावयाची, खिडकीकडे गेला की ती लावावयाची. आणि हात जमिनीकडे गेला की वर्गातील एक ठराविक मुलगा उठे व कोपऱ्यातला झाडू घेई. त्याचे नाव घेण्याचीही गरज पडत नसे. तो मुलगा कोणत्या वस्तीतून येतो हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. आमच्याकडे तो हात कधी वळला नाही. आम्ही पुजाऱ्याचे चिरंजीव होतो. कोणी त्याला कटु शब्द बोलले नाही, कोणी मारले नाही. म्हणूनच तो अन्याय आहे हे आम्हांस कधी दिसले नाही.

गंमत अशी की, त्याच दिवसांत रोज पहाटे वडिलांबरोबर आम्ही देवळाचा सभामंडप झाडीत असू. तेथे झाडू धरण्यात आम्हांस लाज नव्हती, उलट अभिमान होता. ज्या हातांना देवळात झाडू चालत होता त्याच हातांना तो शाळेत का चालू नये? हा प्रश्न अलीकडेच आम्ही वडिलांना विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "देवळात झाडतोस ते देवाचं घर म्हणून. शाळा कुणाचं घर समजत होतास तू?"

या एका वाक्यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. जी जागा आपण आपली मानतो तिचा केर आपण काढतो. आणि जिचा केर दुसऱ्याने काढावा असे मानतो, ती जागा वापरून आपण तेथे केवळ बसून जातो. सुदाम्याबरोबर सांदीपनींच्या आश्रमात लाकडे आणावयास जाणाऱ्या श्रीकृष्णाची कथा आपण दरवर्षी ऐकतो. ऐकून डोळे पुसतो. पण लाकडे आणणे हा त्या विद्येचाच भाग होता, एवढे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

याबाबतीत भारत व चीन यांचा संबंध आजचा नाही. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू इ. स. ६७१ मध्ये आपल्या देशाहून निघाला, नालंदा येथे सुमारे दहा वर्षे शिकला आणि ६९५ मध्ये स्वदेशी परतला. म्हणजे त्या काळी परदेशी विद्यार्थी तो होता आणि पाहिली जाणारी शाळा आपली होती. त्याने आपल्या वृत्तांतात गुरुशिष्यांची दिनचर्या लिहून ठेविली आहे. शिष्य गुरूचे अंग चेपतो, वस्त्रांच्या घड्या घालतो, खोली व अंगण झाडतो, पाणी किडेमुंगी पाहून मग गुरूस देतो. एवढेच लिहून तो थांबत नाही. शिष्य आजारी पडला तर गुरू स्वतः त्याची शुश्रूषा करतो, औषध पुरवितो, पोटच्या मुलाप्रमाणे त्याची काळजी घेतो, हेही त्याने नोंदविले आहे. झाडू शिष्याच्या हाती होता खरा. परंतु औषधाची वाटी गुरूच्या हाती होती. सेवा एकाच दिशेने वाहत नव्हती.

दुसरा संबंध तर आपल्या शेजारचाच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे आला. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, ताओ शिंगझी हे चिनी शिक्षणतज्ज्ञ गांधीजींना भेटून गेले. हे गृहस्थ अमेरिकेत शिकून आलेले विद्वान. परंतु १९२७ साली त्यांनी नानजिंगजवळ शियाओझुआंग येथे खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा काढली, आणि तेथे स्वयंपाक, झाडलोट व शेती ही कामे गुरुजन व विद्यार्थी मिळून करीत. ती शाळा सरकारने १९३० साली बंद पाडली. विचार मात्र मागे राहिला. त्यांचे आधीचे नाव झीशिंग असे होते. चिनी भाषेत 'झी' म्हणजे जाणणे व 'शिंग' म्हणजे करणे. आधी जाणावे, मग करावे, असा त्याचा भाव. पुढे त्यांनी ही दोन अक्षरे उलटी करून शिंगझी हे नाव घेतले: आधी करावे, म्हणजे जाणता येते. स्वतःच्या नावाचीच अशी दुरुस्ती करणारा शिक्षक विरळा. त्यांची शाळा ज्या प्रांतात होती त्याच जिआंग्सूमध्ये आमच्या मित्राने ती टोपलीवाली मुलगी पाहिली. आता तर २०२२ सालापासून चीनच्या शाळांत श्रम हा स्वतंत्र विषय म्हणून आठवड्यास निदान एक तास शिकविला जातो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग चीनचे अनुकरण करावे म्हणजे झाले! तसे नाही. त्याच देशात १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच आपल्या गुरुजनांचे जाहीर धिंडवडे काढले आणि अनेक वयोवृद्ध शिक्षकांना शिक्षा म्हणून शौचालये झाडावयास लाविली. झाडू तोच होता. पाळीने हाती आला तेव्हा त्याने त्या मुलीला ताठ मानेने उभे केले. शिक्षा म्हणून हाती दिला तेव्हा त्याने माणसाची मान खाली घातली. तेव्हा झाडूमध्ये स्वतःचे पुण्यही नाही आणि पापही नाही. तो कोणाच्या हाती, कोणी व कोणत्या भावनेने दिला, यावर सर्व अवलंबून आहे.

तेथे शिक्षेने जे केले ते आपल्याकडे जन्माने केले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यास शाळेत होते तेव्हा त्यांना बसावयास वेगळे गोणपाट घरून न्यावे लागे, आणि ते रोज परत घरी आणावे लागे. कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. शाळेचा केरसुद्धा त्या मुलाच्या गोणपाटाहून पवित्र मानला गेला! संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली त्याविषयी कायदा झाला. परंतु आमच्या वर्गातील तो जमिनीकडे जाणारा हात त्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून एक आक्षेप आम्ही फार गंभीरपणे घेतो. एखादा पिता म्हणतो, "माझ्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावचा केर काढला. मुलाला मी शाळेत पाठवतो ते शिकायला, झाडायला नाही." त्याचे म्हणणे अगदी न्याय्य आहे. त्यास श्रमप्रतिष्ठेचे व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांस नाही. झाडलोटीवर ज्याचे पोट आहे त्याचा पगार तोडून मुलांकडून फुकट काम करवून घेणे, हाही धर्म नव्हे; आणि लहान मुलांना घातक कामे सांगणे तर मुळीच नव्हे. आम्हांस जे उमगले ते एवढेच की, श्रमाला प्रतिष्ठा भाषणाने येत नाही, पाळीने येते; आणि पाळीची सुरुवात, ज्याच्या हाती आजवर झाडू दिला गेला नाही, त्याच्यापासूनच झाली पाहिजे. वैराग्यमूर्ती गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातातील खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. क्रम उलटा करून पाहा. कीर्तन तेच राहील, पण त्यातील बळ निघून जाईल.

वाचकहो, शाळांच्या कारभारात आमचा हात पोहोचत नाही. आपल्या देवळापर्यंत मात्र पोहोचतो. उत्सव झाल्यावर पत्रावळी उचलावयास, मंडप झाडावयास आपणही 'माणूस' बोलावतो, आणि तो कोठून बोलावतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्यांचा तो रोजगार आहे तो त्यांना अवश्य मिळावा. पण त्यांच्याबरोबर वाकणारे हात आपलेही असावेत. येत्या उत्सवापासून सभामंडपातील फळ्याच्या कोपऱ्यात पाळीची नावे लिहिली जावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिले नाव आमचे लिहावे.

शाळेतील तो सोबती आज बाजारात संत्र्यांचा धंदा करतो. भेटला की हसतो, आम्हीही हसतो. इतक्या वर्षांत त्या झाडूविषयी आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढलेला नाही. या उत्सवास त्याला सहकुटुंब प्रसादाचे आमंत्रण देण्यास आम्ही स्वतः जाणार आहोत. फळ्यावर त्याचे नाव असणार नाही. त्याची पाळी त्याने केव्हाच भरून दिली आहे. राहिली आहे ती आमची.