पाच दिवसांच्या आधी

आज 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात सकाळी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल, झेंडा फडकेल, आणि भाषणांत एक वाक्य हमखास येईल: 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. वाक्य खोटे नाही. पण आपल्या जिल्ह्याची लढाई त्या पाच दिवसांत मावत नाही.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला. परभणी झाली नाही. इथे निजामाचाच अंमल, वर कासीम रझवीच्या रझाकार या सशस्त्र संघटनेची दहशत. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. कार्यकर्ते सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले, उमरखेडसारख्या गावी कॅम्प उभे राहिले. रात्री पैनगंगा उतरून संस्थानात यायचे, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळायचा, ठाण्यावर चालून जायचे आणि उजाडायच्या आत पलीकडे पोचायचे. वसमतजवळच्या वापटीचे बहिर्जी शिंदे असेच आजेगावला लढताना पडले. वापटी, आजेगाव आज हिंगोली जिल्ह्यात. तेव्हा सगळी परभणीच. या लढ्याची मुळे तर आणखी मागे जातात. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूरला भरले, आणि परतूरही त्या वेळी परभणीतच होते.

शेवटी येणाऱ्या मोठ्या फौजेखाली आधीची लढाई दडपली जाणे हे आपल्याकडेच घडले असे नाही. क्युबाचे लोक 1868 पासून स्पेनच्या सत्तेशी झुंजत होते. त्यांचा कवी-पुढारी होसे मार्ती 1895 मध्ये रणांगणावर मारला गेला. मग 1898 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि काही महिन्यांत स्पेनने हात टेकले. सांतियागो शहर शरण आले तेव्हा क्युबाचा सेनापती कालिस्तो गार्सिया याच्या सैनिकांना शहरात पाऊल टाकू दिले नाही. गार्सियाने संतापून अमेरिकी सेनानीला पत्र लिहिले. 1 जानेवारी 1899 ला हवानात स्पेनचा झेंडा उतरला. वर चढला तो अमेरिकेचा.

आपले तसे झाले नाही. इथे आलेली फौज ज्या झेंड्यासाठी ही माणसे लढत होती तोच झेंडा घेऊन आली. गार्सियासारखे पत्र लिहिण्याची वेळ कुणावर आली नाही. कदाचित म्हणूनच आधीच्या तेरा महिन्यांचा हिशोब कुणी फारसा मागितला नाही. हुतात्म्यांची नावे निदान स्तंभांवर कोरली गेली. वसमतच्या महाविद्यालयाला बहिर्जींचे नाव आहे. पण अंधारात भाकरी बांधून देणाऱ्या, कडब्याच्या गंजीआड माणूस लपवणाऱ्या बाया? ठाण्यावर हल्ला झाला की रझाकारांचा राग आधी आसपासच्या गावांवर निघे, हे ठाऊक असूनही त्यांनी दार उघडले होते.

1948 साली जी मुलगी बारा वर्षांची होती, ती आज नव्वदीला टेकली आहे. रात्री दाराशी कोण आले होते, आईने टोपल्यात काय भरून दिले, हे तिला अजून विचारता येईल.