प्रतिरूप आणि नकाराचा अधिकार

गमावलेल्या प्रिय व्यक्तीचे जैविक प्रतिरूप घडविणाऱ्या विज्ञानकथांची चर्चा करताना समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : ही तीच व्यक्ती आहे काय? जीवशास्त्रापुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९९६ साली जन्मलेली डॉली ही मेंढी कोकरू म्हणूनच जन्माला आली. पेशीकेंद्रातून जनुकीय वारसा मिळतो; जगलेले आयुष्य मिळत नाही. म्हणून खरा नैतिक प्रश्न वेगळा आहे : एकाच्या शोकाची भरपाई व्हावी म्हणून दुसऱ्याला जन्माला घालावे काय?

या प्रश्नाची एक बाजू आता न्यायालयातही पोचली आहे. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका अविवाहित तरुणाने मुंबईतील एका केंद्रात आपले वीर्य गोठवून ठेवले आणि मृत्यूनंतर ते नष्ट करावे, असे संमतिपत्रात नमूद केले. त्याच्या निधनानंतर वंश पुढे चालावा म्हणून आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने, सुनावणी होईपर्यंत ते जतन करावे, असा अंतरिम आदेश दिला. हे प्रतिरूपण नव्हे. परंतु शोक करणाऱ्याची इच्छा आणि मृताचा शब्द यांतील द्वंद्व तेच आहे. त्या तरुणाला निदान आपला नकार नोंदविता आला. जन्माला येणाऱ्याला तेवढीही सोय नसते.

स्तानिस्लाव लेम यांच्या ‘सोलारिस’ (१९६१) या कादंबरीचे मोल येथे जाणवते. आत्महत्या केलेली सहचरी केल्विनच्या स्मृतीतून पुन्हा साकार होते. निवेदन त्याचे असल्याने तिचे दुःखही आपल्याला त्याच्याच शब्दांतून कळते. तथापि आपण ‘ती’ नव्हे हे उमगते, त्या क्षणी ती स्वतंत्र व्यक्ती होते. आणि तिचा निर्णायक स्वतंत्र निर्णय स्वतःच्या विलयाचा असतो.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील राम अश्वमेधासाठी सीतेची सुवर्णप्रतिमा घडवितो. ती प्रतिमा सीतेची उणीव भरून काढीत नाही, उलट ती दृश्यमान करते. सोने रामाला त्यागाचा जाब विचारीत नाही, हे खरे. पण सोन्यावर सीता होऊन जगण्याची सक्तीही नसते. सजीव प्रतिरूपावर नेमकी तीच सक्ती येते.

अशा कथेची नैतिक कसोटी यावरून ठरावी : ‘मी ती नव्हे’ असे म्हणून पुढे जगण्याची मुभा ती आपल्या प्रतिरूपाला देते काय? ती नसेल, तर त्या प्रेमाला मृत व्यक्तीही नको असते आणि जिवंतही; हवी असते ती केवळ आज्ञाधारक आठवण.