वादा आणि वायदा

उर्दूतला 'वादा' आणि मराठीतला 'वायदा' मुळात एकच. पण मराठीच्या बाजारात फिरताना शब्दाची थोडी अब्रू गेली. वादा निभावतात, वायदे करतात आणि पुढची तारीख देतात. मुलांना हा फरक सांगताना आम्हा बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना उदाहरण शोधत बसावे लागत नाही.

अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे होती, बीड शहराला नव्हती. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून ६६ किलोमीटरवर आष्टीपर्यंत गाडी आली आणि आष्टी हे शेवटचे स्टेशन झाले. बीडला गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वेळी आमच्यातले जे पहिलीत होते, ते आता पहिलीला शिकवतात.

तीस वर्षांनी पाळलेले वचन पाळले म्हणायचे का?

लोक म्हणतात, गाडी आली ना, मग जुने कशाला उगाळता? वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण उसने घेतलेले पैसे कुणी तीस वर्षांनी परत आणून दिले, तर मुद्दल फिटते. मधल्या काळात ज्याने त्या पैशांअभावी शेत विकले, त्याचे शेत परत येत नाही. उशिराची किंमत सरकारच्या कागदावरही आहे. खर्च शेकड्यांतल्या कोटींवरून हजारांत गेला, तो दर वेळी सुधारित अंदाज म्हणून मंजूरही झाला. ज्या मुलींचे कॉलेज केवळ अंतरामुळे सुटले, त्यांचा सुधारित अंदाज कुणी काढला?

एकट्यादुकट्याने खोटे बोलून हे झाले, असे आम्हाला वाटत नाही. जमिनी घ्याव्या लागतात, पूल बांधावे लागतात. खर्चात निम्मा वाटा राज्याचा, निम्मा रेल्वेचा. दोन जामीनदार असले की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. खुर्चीवरची माणसेही बदलतात. पण बापाचे कर्ज पोराकडे येते हे आमच्या खेड्यातला अडाणी माणूसही मानतो. मग खुर्चीचे कर्ज पुढच्या खुर्चीवाल्याकडे का येऊ नये?

आणि आता कुणी विचारू लागेल, डब्यात माणसे किती, तिकिटे किती खपली? तीस वर्षांत लोकांनी एस.टी., वडाप, ट्रक अशा वाटा धरल्या, संसार त्या वाटांवर बेतले. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची जोडपी कोयते, भांडी, लेकरे घेऊन ट्रकने कारखान्यांकडे निघतात, ती काही रेल्वेचे वेळापत्रक बघून निघत नाहीत. मोडलेली सवय तिकिटाच्या खिडकीवर मोजणे हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

गाडी बीडला आली त्या दिवशी परळीपर्यंतचे ९५ किलोमीटर उरलेलेच होते. त्या पट्ट्यातल्या गावांत आज जी मुले पहिलीत आहेत, त्यांना तारीख सांगायची असेल, तर ती लेखी सांगावी, आणि चुकली तर जाब कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहावे.