पदकासाठी खेळणारा निष्काम असू शकतो का?

फळावर डोळा न ठेवता कर्म करावं, हा गीतेचा उपदेश आपल्याकडे बहुतेक वेळा सांत्वनापुरता उरला आहे. बढती हुकली, परीक्षेत गुण कमी पडले, की कुणीतरी तो ऐकवतो. पण हा विचार खरा आहे की नुसता धीर देणारा, हे तपासायचं तर ते अशा ठिकाणी तपासायला हवं, जिथे फळावाचून कर्माला अर्थच उरत नाही. स्पर्धेतला खेळ हे असं एक ठिकाण आहे. पदक नको असलेल्या माणसाने ऑलिम्पिकला जायचं कशाला? म्हणजे खेळाडूला निष्काम कर्मयोग वर्ज्यच म्हणायचा, असं वरवर पाहता वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे, आणि त्यासाठी जपानच्या कोहेई उचिमुराची कारकीर्द मला सगळ्यात बोलका पुरावा वाटते.

१९८९ साली जन्मलेला हा जिम्नॅस्ट नागासाकी प्रांतात, आईवडिलांनीच चालवलेल्या क्लबमध्ये घडला. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सर्वांगीण स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, आणि त्यानंतर २००९ ते २०१६ या काळात सहा जागतिक आणि दोन ऑलिम्पिक सर्वांगीण विजेतेपदं त्याने ओळीने जिंकली. फ्लोअर, पोमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार या सहाही साधनांच्या एकूण गुणांत इतकी वर्षं कुणालाही पुढे जाऊ न देणं, याला तोड नाही. या खेळाची गुणपद्धतीही लक्षात घेण्यासारखी आहे. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये गुणांवरून मोठा वाद झाला आणि २००६पासून जुना ‘परिपूर्ण दहा’ गेला. आता रचनेच्या काठिण्याचे गुण वेगळे मोजतात. सादरीकरणाचे गुण मात्र दहापासून सुरू होतात आणि कमी होत जातात. पाय किंचित विलग झाले, गुडघा वाकला, उतरताना छोटं पाऊल पडलं, की ०.१ गेला, पडलात तर पूर्ण १ गुण. सादरीकरणात खेळाडूला कमवायचं काहीच नसतं, फक्त गमवायचं नसतं. इथे ‘किती मिळतील’ या विचाराला जागाच नाही. तो विचार मनात आला तर तो शरीरात उतरतो, आणि शरीरात उतरला की पंचांना दिसतो.

१० ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिम्पिकच्या सर्वांगीण अंतिम फेरीत पाच साधनं संपली तेव्हा युक्रेनचा ओलेग वेर्न्याएव ०.९०१ गुणांनी पुढे होता. राहिला होता हॉरिझॉन्टल बार. उचिमुराच्या रचनेत ‘कासिना’ होती: जमिनीपासून २.८० मीटर उंचीवरची दांडी सोडायची, तिच्यावरून ताठ शरीराने दुहेरी कोलांटी घ्यायची, त्यातच एक पूर्ण पीळ, आणि खाली येताना तीच दांडी पुन्हा पकडायची. हात सुटल्यापासून दांडी हाती येईपर्यंतच्या त्या क्षणात सुवर्णपदकाचा विचार करणारा माणूस दांडी पकडू शकेल, हे मला शक्य वाटत नाही. उचिमुराला १५.८०० गुण मिळाले, वेर्न्याएवला १४.८००. अंतिम फरक ०.०९९, उतरताना पडलेल्या एका छोट्या पावलाच्या वजावटीपेक्षाही कमी.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. उचिमुराला सुवर्ण हवंच होतं. सांघिक सुवर्णाची आस तर त्याने वर्षानुवर्षं उघडपणे बोलून दाखवली होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो व्यावसायिक खेळाडू झाला. मग निष्काम कसला? पण या आक्षेपात हेतू आणि आसक्ती यांची गल्लत आहे. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना टिळकांनी हा भेद आग्रहाने मांडला. कर्म कशासाठी करतो आहोत याचं भान सुटावं, असं गीता सांगत नाही. ते फळ मलाच मिळालं पाहिजे, ही ममत्वबुद्धी सुटावी, असं सांगते. हेतू नसेल तर रचनेत कुठली कसरत ठेवायची हेसुद्धा ठरणार नाही. हेतू सरावाच्या हजारो तासांना दिशा देतो. ममत्व मात्र नेमकं हात सुटण्याच्या क्षणी आडवं येतं. उचिमुरा काही गीता वाचून खेळत नव्हता, हे उघडच आहे. पण एखादं तत्त्व खरं असेल तर ते ग्रंथ न वाचणाऱ्याच्या कर्मातही दिसलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. जिंकणाऱ्याला अनासक्ती परवडते. हरल्यावर ती टिकते का? २०१७मध्ये माँट्रियलला घोट्याच्या दुखापतीने त्याची मालिका तुटली. पुढे खांद्यांनी दगा दिला, तेव्हा त्याने पाच साधनं सोडून फक्त हॉरिझॉन्टल बार धरला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, मायदेशात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, पात्रता फेरीतच तो दांडीवरून पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जन्मगावी, किताक्युशूला, जागतिक स्पर्धेत तो पुन्हा उतरला आणि अंतिम फेरीत सहावा आला. आठ विजेतेपदांच्या मालकाला सहाव्या क्रमांकात काय फळ होतं? मान राखायचा असता तर टोकियोनंतरच थांबणं सोयीचं होतं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते बाहेरून सिद्ध करता येणार नाही, हे मान्य. पण फळ जवळजवळ संपल्यावरही कर्म सुटलं नाही, एवढं तर दिसतंच.

तरीही या आक्षेपाचं खरं उत्तर मला वेर्न्याएवकडे सापडतं. रिओच्या पत्रकार परिषदेत उचिमुराला विचारलं गेलं, की पंचांना तुमच्याबद्दल जास्त सहानुभूती आहे असं वाटतं का. शेजारी बसलेल्या वेर्न्याएवला तो प्रश्न पटला नाही. गुण न्याय्य आहेत, असं त्याने स्वतःहून सांगितलं. ०.०९९ने सुवर्ण गेलेला माणूस काही वेळातच हे बोलतो, तेव्हा तो फळाची किंमत कमी लेखत नसतो. ते त्यालाही तितकंच हवं होतं. ते दुसऱ्याला मिळालं म्हणून त्या दुसऱ्याच्या कर्माचं मोल तो घटू देत नाही. निष्कामतेची याहून कठीण परीक्षा मला सुचत नाही, आणि ती त्या दिवशी रौप्यपदक मिळालेल्याने दिली.