दूरच्यांची सेवा

आपल्या दारचें दुःख सोडून परमुलखांतील दुःखितांच्या सेवेस धांवून जाणें हा धर्म कीं धर्माची नुसती हूल, हा प्रश्न पुष्कळ विचारी माणसांस पडतो. डिकन्सनें 'ब्लीक हाऊस' कादंबरींत आफ्रिकेंतील लोकांच्या काळजीनें व्याकुळ झालेली, पण स्वतःच्या पोरांकडे ढुंकूनहि न पाहणारी एक बाई रंगविली आहे. तिला आपण हंसतों, आणि तें रास्तच आहे. मात्र ती बाई घरांत बसून पत्रें लिहीत होती हें विसरूं नये. पत्रें लिहिणें निराळें, आणि तेथें जाऊन राहणें निराळें.

म्हणून उदाहरण घ्यावयाचें तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचें घ्यावें. १९३८ च्या सप्टेंबरांत काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक जपानशीं झुंजणाऱ्या चीनकडे धाडलें, त्यांत ते होते. वडील वारल्याची वार्ता त्यांस चीनमध्यें कळली. तरी ते परतले नाहींत. १९४६ सालीं शांतारामांच्या चित्रपटानें ही कथा घरोघर पोंचविली. चित्रपटाला रणभूमि दाखवितां येते. परंतु सेवेची खरी कसोटी, मला वाटतें, रोजच्या जिण्यांत लागते. येनानच्या पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांतून राहावयाचें, राळ्याच्या पेजेवर दिवस काढावयाचे, औषधें संपलीं तर नाकेबंदीमुळें नवीं सहसा येणार नाहींत हें जाणून शस्त्र हातीं धरावयाचें ! चिनी सैनिकांची शुश्रूषा करणारे कॅनडाचे डॉ. बेथ्यून १९३९ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं बोट कापल्याचें निमित्त होऊन गेले. पण याहूनहि जड मला भाषेची अडचण वाटते. रोग्याचें कण्हणें कोणत्याहि डॉक्टरास कळतें. परंतु 'भिऊं नका' एवढे दोन शब्द ज्यास बोलतां येत नाहींत, त्याचें अर्धें वैद्यक कुलुपांत पडतें. कोटणीस ती भाषा शिकले, आणि त्यांच्या सर्व श्रमांत हाच सर्वांत कमी वाखाणला गेला.

आतां नैतिक पेंच पाहा. जो स्वेच्छेनें आला तो स्वेच्छेनें परतूंहि शकतो. रोग्याला मात्र आपल्या दुःखांतून उठून दुसऱ्या देशीं जातां येत नाहीं. सेवक कितीहि नम्र असला तरी हें अंतर उरतें, आणि सेवा घेणाऱ्यास तें जाणवतें. उपकाराचा जो एक सूक्ष्म डंख असतो तो येथूनच येतो. कोटणीसांचे चौघे सोबती मागेंपुढें मायदेशीं आले. त्यांना कोणी बोल लावूं नये. कोटणीस राहिले, बेथ्यूनांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि तेथील परिचारिका कुओ चिंग-लान यांच्याशीं १९४१ सालीं विवाहबद्ध झाले. मग ते स्वयंसेवक उरले नाहींत, शेजारी झाले. आणि शेजाऱ्याच्या सेवेस कोणतेंच तत्त्वज्ञान हरकत घेत नाहीं !

तरीहि सोलापूरच्या घराचा हिशेब यानें फिटत नाहीं. पित्याच्या निधनानंतरहि घरीं न आलेल्या मुलाला आपली परंपरा काय म्हणेल हें सांगावयास नको. आणि तिचें म्हणणें निव्वळ रूढि म्हणून उडवून लावणें मला प्रशस्त वाटत नाहीं. दूरचें कर्तव्य पत्करणारा जवळचें कर्तव्य दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर ठेवून जातो. तो दुसरा कोण, हें चरित्रकार क्वचितच लिहितात. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघे ३२ वर्षांचे असतांना, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस वारले. मुलगा तेव्हां चार महिन्यांचाहि नव्हता. त्याचें नांव यिन्-हुआ, म्हणजे भारत व चीन. त्याला वाढविण्याचें काम आईवर पडलें.