तीन क्रेटचं सॉरी

मे महिन्यात नात मुंबईहून आली की आमच्या पडवीत इंग्रजीची शाळा भरते. मास्तरीण ती, विद्यार्थी मी. ती चौथीतून पाचवीत जाणार. जुन्या वहीत रोज पाच शब्द लिहिते, खाली मराठीत उच्चार. पाणी दिलं की थँक्यू म्हणायचं, वाट हवी असली की एक्स्क्यूज मी, धक्का लागला की सॉरी. विसरलं तर एक रुपया दंड.

तिच्या आजीने पहिल्याच दिवशी शाळा सोडली. म्हणाली, "घरच्या माणसानं पाणी दिलं, त्याला कसलं थँक्यू? उद्या जेवणाचं बिल पण द्याल."

मी दहावी झालो 1977 साली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. आता 2000 सालापासून मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून आहे. आमच्या गुरुजींकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिच्यातली वाक्यं आम्ही घोकायचो. घोकलेलं वहीत उतरायचं, पण कुणी समोर येऊन इंग्रजीत नाव विचारलं तर घशात आवंढा. खरं इंग्रजी मला शिकवलं आंब्याने. डझन, क्रेट, ग्रेड, रेट, अ‍ॅडव्हान्स, बॅलन्स. 2014 साली फळमाशीच्या कारणाने युरोपने आपला आंबा बंद केला, तेव्हा 'बॅन' हा शब्द आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीसुद्धा बसला. आणि हापूस हे नाव तरी कुठं आपलं? अफोन्सो या पोर्तुगीज नावाचं आपण केलेलं ते रूप. तेव्हा परक्या शब्दांचं मला वावडं नाही. माझं अडलंय ते एका शब्दापाशी.

आमच्याकडे बागा राखायला नेपाळी गुरखे येतात. भातकापणीच्या सुमाराला यायचं, पाऊस लागायच्या आत परत जायचं. आमच्या कलमांवरही एक आहे, बरीच वर्षं तोच येतो. आम्ही त्याला बहादूर म्हणतो. ते त्याचं नाव नाही. त्याच्या आधीच्यालाही आम्ही बहादूरच म्हणायचो. त्याला मराठी जेमतेम, माझं हिंदी मोडकं. आमच्यातला निम्मा व्यवहार असल्या आंब्यातल्या इंग्रजीवरच चालतो.

काही वर्षांपूर्वी मोसमाच्या अखेरीस हिशेब करताना तीन क्रेट कमी आले. बाग राखणारा तो, रात्री बागेत झोपणारा तो. मी दुसरा विचारच केला नाही. खळ्यात चार गडी चहा पीत बसले होते, त्यांच्यासमोर त्याला बोललो. चोर म्हणालो. तीन क्रेटचे पैसे त्याच्या बॅलन्समधून कापले. तो एवढंच म्हणाला, "शेठ, मैंने नहीं लिया." दुसऱ्या दिवशी गाठोडं उचलून गेला.

गणपतीच्या आधी घर झाडताना माळ्यावर माझी डायरी सापडली. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात, तीन क्रेट मुंबईला भावाकडे टेम्पोने पाठवल्याची नोंद. ऊन नव्हतं तरी घामाघूम झालो.

वाटलं होतं, आता तो येणार नाही. पण आला. गरज त्याला होती, तशी मलाही. आता बोलणं भाग होतं. 'माझं चुकलं' हे शब्द मी आयुष्यात किती वेळा म्हटले असतील ते बोटावर मोजता येतील, आणि गड्याला तर कधीच नाही. आमच्या वडिलांनीही कधी म्हटलेले मी ऐकले नाहीत. जीभ वळेना. तो चहा पीत होता, मी अंगणातून जाता जाता म्हटलं, "वो क्रेट का... सॉरी हां." तो म्हणाला, "कोई बात नहीं शेठ." झालं. दोन दिवस मला हलकं हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "आणि पैसे?"

खरं सांगतो, पैसे माझ्या डोक्यातूनच गेले होते. त्या एका शब्दाने हिशेब मिटल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी पैसे नेऊन दिले. त्याने न मोजता खिशात घातले.

तेव्हापासून मी सॉरीवर राग धरला होता. कुणी बोललं की म्हणायचो, हा इंग्रजांचा फुकटा शब्द, पाय लागला तरी सॉरी आणि कुणाची अब्रू घेतली तरी सॉरी. आपल्या भाषेत चूक कबूल करायची तर तोंड कोरडं पडतं, म्हणून ती कबुली खरी. असं मी चारचौघांत ठासून सांगायचो, लोक माना डोलवायचे.

या मे महिन्यात नातीला विचारलं, "काय गो, इंग्रजीत मोठ्या चुकीला पण सॉरीच?" तिने विचार केला आणि वहीत लिहून दिलं, 'इट वॉज माय फॉल्ट'. अर्थ विचारला तर म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं, आजोबा. आमच्या टीचर म्हणतात, नुसतं सॉरी नको, काय केलंस ते सांग."

म्हणजे त्यांच्याकडेही तोंड कोरडं पाडणारं वाक्य आहे. हलका शब्द मी निवडला होता. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही, तो सोपा होता म्हणून. आणि आपल्याकडेही 'झालं गेलं विसरून जा' म्हणून सुटणारे थोडे नाहीत. अर्थात सॉरी नसतं तर त्या दिवशी मी एवढंही बोललो नसतो, हेही खरं. दार किलकिलं तरी झालं. पण मी आत न जाता उंबऱ्यावरूनच परत फिरलो होतो. चोर म्हटलं ते चौघांच्या देखत आणि सॉरी म्हटलं ते एकट्याला, हे इतकी वर्षं मला खुपलंच नव्हतं.

चौघांतला एक आता वारला आहे, एक मुलाकडे विरारला असतो. उरलेले दोघे परवा आंबा काढायला आले होते. जेवणाच्या सुट्टीत कलमाखाली बसलो असताना त्यांना डायरीची गोष्ट सांगितली. म्हटलं, क्रेट यानं नव्हते नेले, मीच पाठवले होते, माझं चुकलं. एक जण म्हणाला, "आमी तवाच बोललेलो, ह्यो नाय नेणार."

गुरख्याला किती कळलं कोण जाणे. घळीची जाळी एका बाजूने उसवली होती, ती शिवत बसला होता. मी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत विचारलं.