रहस्यभेद आणि न्याय

विश्वासानें हातीं दिलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडणाऱ्याविषयीं आपल्या मनांत स्वभावतःच तिटकारा असतो. सात चिरंजीवांत बिभीषणाची गणना होते; तथापि ‘घरभेद्या’ हा शब्द उच्चारतांच आठवण होते ती त्याचीच. एकाच पुरुषाविषयींच्या या दुहेरी भावनेंत जो प्रश्न दडलेला आहे, तो आधुनिक राज्यसंस्थेनें न्यायमंदिराच्या दाराशीं आणून ठेविला आहे. सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्यास शिक्षा करितांना, त्यानें नेमकें काय उघड केलें याचा विचार न्यायाधीशानें करावा कीं नाहीं?

अमेरिकेंतील एडवर्ड स्नोडेन याचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे. कोणीं, कोणाशीं, केव्हां व किती वेळ दूरध्वनीवर संभाषण केलें याची नोंद तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्था निरपराध नागरिकांच्या बाबतींतहि सरसकट गोळा करीत आहे, हें त्यानें पुरविलेल्या कागदांवरून जून २०१३ मध्यें जगास कळलें. त्याच महिन्यांत त्याच्यावर तीन आरोप ठेवण्यांत आले. एक सरकारी मालमत्तेच्या चोरीचा व दोन १९१७ सालच्या हेरगिरीच्या कायद्याचे. प्रत्येकास दहा वर्षांपर्यंत कैद आहे. ‘मीं हें लोकहितासाठीं केलें’ असा बचाव या कायद्याखालीं चालत नाहीं.

सरकारपक्षाचें म्हणणें पोकळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. प्रत्येक कारकून जर आपल्या सदसद्विवेकाच्या बळावर दप्तर उघडूं लागला, तर राज्याचें एकहि रहस्य टिकणार नाहीं, आणि त्या रहस्यांवर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. ज्यास अन्याय दिसला त्यानें वरिष्ठांकडे जावें, न्यायालयाकडे जावें, असें हा पक्ष सांगतो.

परंतु न्यायालयाची वाट खरोखर मोकळी होती काय? फेब्रुवारी २०१३ मध्यें, म्हणजे हा बोभाटा होण्यापूर्वीं अवघे चार महिने, परदेशांशीं होणाऱ्या संभाषणांवरील पाळतीविरुद्ध वकील, पत्रकार इत्यादिकांनीं केलेली फिर्याद तेथील सर्वोच्च न्यायालयानें चाराविरुद्ध पांच मतांनीं फेटाळली. कारण हें कीं, आपल्यावर पाळत आहे हें फिर्यादींना दाखवितां येईना! पाळत गुप्त म्हणून पुरावा नाहीं, पुरावा नाहीं म्हणून दाद नाहीं, आणि पुरावा बाहेर आणावा तर तुरुंग. या चक्रव्यूहांतून सज्जनानें बाहेर पडावें तें कोणत्या वाटेनें?

दूरध्वनीच्या नोंदींचें प्रकरण कागद फुटल्यामुळेंच न्यायालयांत उभें राहूं शकलें. मे २०१५ मध्यें न्यूयॉर्क येथील अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, ही सरसकट नोंद करण्याचा अधिकार कायद्यानें दिलेलाच नव्हता. पुढच्याच महिन्यांत विधिमंडळानें ती बंद करण्याचा कायदा केला. ज्या कृत्यामुळें राज्याला स्वतःची चूक कळली, त्या कृत्याबद्दल आरोप मात्र तसेच राहिले. स्नोडेन रशियांतच राहिला व २०२२ सालीं तेथील नागरिक झाला.

म्हणून त्यास निर्दोष ठरवावें असें माझें म्हणणें नाहीं. त्यानें दिलेल्या कागदांत परराष्ट्रांवरील हेरगिरीच्या पद्धतीहि होत्या, आणि त्या उघड करण्यांत नागरिकांचें कोणतें हित होतें हें त्यास अवश्य विचारावें. एक कागद त्याच्या बाजूनें बोलेल, दुसरा विरुद्ध बोलेल. पण हे दोन्हीं कागद तराजूंत घालण्याची मुभा न्यायाधीशास असली पाहिजे. लखोट्याची लाख कोणीं फोडली एवढेंच विचारून आंतील पत्र वाचावयाचें नाकारणें, ही शिस्त असूं शकेल. तिला न्याय म्हणवत नाहीं.